दया शिकावी लागते : रुग्णसेवेच्या इतिहासातून



रुग्णालयात पाऊल टाकल्यावर आपल्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारी हाक कोणती? 'सिस्टर!' सलाईन संपत आले, पेशंटला ताप भरला, रात्री दोन वाजता कळ सोसवेना, की आपण हीच हाक मारतो. डॉक्टरांना आपण त्यांच्या पदवीने हाक मारतो. परिचारिकेला मात्र नात्याने. पुरुष परिचारक असेल तर तो 'ब्रदर' होतो. ही हाक आपल्याकडे सहज रुळली आहे. पण ती कुठून आली याचा विचार आपण क्वचितच करतो. युरोपात कित्येक शतके आजाऱ्यांची शुश्रूषा प्रामुख्याने व्रतस्थ भगिनी आणि बंधू करीत असत. पुढे हे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे आले, तेव्हा कामाबरोबर हाकही त्यांच्याकडे आली.

या विषयावर लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आजाऱ्यांना कोमुन्यो देण्यासाठी घरोघरी जाताना रुग्णसेवेविषयी दोन मते आमच्या कानावर वारंवार पडतात. पहिले मत असे : "मनात प्रेम असले की झाले, आजाऱ्याची सेवा करायला शिकायचे काय असते?" दुसरे मत याच्या उलट टोकाचे : "ती पगार घेते ना, मग त्यात सेवा कसली?" दोन्ही मते ऐकायला साधी वाटतात. परंतु पहिल्या मतामुळे आजाऱ्याचे हाल होतात आणि दुसऱ्या मतामुळे त्याची सेवा करणाऱ्यांचे. रुग्णसेवेचा इतिहास या दोन्ही मतांना काय उत्तर देतो, ते आज आपण पाहू या.

शोमरोनी माणसाने तीन गोष्टी केल्या

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात तो माणूस नेमके काय करतो, हे सावकाश वाचले तर तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी कळवळ्याची. जखमी माणसाला पाहून त्याला दया आली. याजक आणि लेवी पुढे निघून गेले, हा थांबला.

दुसरी पायरी ज्ञानाची. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला व पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुतली जाते आणि तेलाने आग शमते, हा त्या काळचा उपचार होता. शोमरोन्याला तो ठाऊक होता. नुसता रडत बसला असता तर जखमी माणूस रस्त्यावरच मेला असता.

तिसरी पायरी व्यवस्थेची. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी तिथल्या रक्षकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना तोही फेडीन असे सांगितले. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजेच प्रभू येशूच्या या दाखल्यात आजाऱ्याची सेवा करणारी माणसे दोन आहेत. एक शोमरोनी आणि दुसरा तो उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी आपल्या प्रवासाला निघून गेला. पुढचे सर्व दिवस त्या जखमी माणसाजवळ राहिला तो रक्षक. त्याला मोबदला मिळाला, म्हणून प्रभूने त्याला दाखल्यातून वगळले नाही.

कळवळा, ज्ञान आणि व्यवस्था. रुग्णसेवेचा सारा इतिहास या तीन गोष्टी एकत्र येण्याचा इतिहास आहे. जिथे त्यांपैकी एक कमी पडली, तिथे आजाऱ्याने त्याची किंमत मोजली.

फाबिओला : घराचे दार उघडणारी बाई

आरंभीच्या ख्रिस्तसभेत आजाऱ्यांची काळजी घेण्याचे काम सेवक-सेविकांकडे असे. संत पौल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया येथील फीबी या सेविकेची शिफारस करतो. परिचर्येचा इतिहास लिहिणारे अनेक लेखक तिच्या नावापासूनच आरंभ करतात.

ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाल्यावर चौथ्या शतकात रुग्णालये उभी राहू लागली. सध्याच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथे संत बासील यांनी सुमारे ३७० साली शहराबाहेर गरीब, प्रवासी व आजारी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. सुमारे ३९० साली रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत बाईने आपली मालमत्ता विकून रुग्णालय सुरू केले. तिचे आयुष्य सरळ गेले नव्हते. दुराचारी नवऱ्याला सोडून तिने दुसरा विवाह केला होता. दुसऱ्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घेतले आणि उरलेले आयुष्य आजाऱ्यांना दिले. ३९९ च्या सुमारास तिचे निधन झाले, तेव्हा संत जेरोम यांनी एका पत्रात तिच्याविषयी सविस्तर लिहिले. रस्त्यावर पडलेल्या आजाऱ्यांना ती स्वतः उचलून आणी, आणि इतरांना पाहवणार नाहीत अशा जखमा स्वतःच्या हाताने धुई.

फाबिओलाने पैसा दिला आणि हातही दिले. त्या काळी उच्च कुळातल्या बाईने असे काम करणे रोमन समाजाला चमत्कारिक वाटे. हे काम गुलामांचे मानले जाई. 'हलके काम' हा शिक्का आजही या कामावरून पुरता पुसला गेलेला नाही. आपण त्याकडे पुन्हा येऊ.

संत कामिल्लस : स्वतः रुग्ण असलेला सेवक

मधली अनेक शतके मठांनी आणि धर्मसंघांनी हे काम सांभाळले. परंतु सोळाव्या शतकातील इटलीतील मोठ्या रुग्णालयांची अवस्था बिकट होती. पैशांवर नेमलेले नोकर पुष्कळदा बेपर्वा असत. ज्यांना दुसरे काम मिळत नाही, ते हे काम धरीत.

अशाच एका रुग्णालयात कामिल्लस दे लेल्लिस हा तरुण पायाची जखम घेऊन आला. त्याचा जन्म १५५० सालचा. तो सैनिक होता आणि त्याला जुगाराचे व्यसन होते. रोमच्या संत याकोबाच्या रुग्णालयात उपचार घेता घेता तो तिथेच नोकरी करू लागला. पण त्याच्या वागणुकीमुळे त्याला काढून टाकण्यात आले. १५७५ साली त्याचे हृदयपरिवर्तन झाले. पायाची जखम मात्र आयुष्यभर बरी झाली नाही. तो त्याच रुग्णालयात परतला, तेव्हा त्याला दोन्ही बाजू माहीत होत्या : खाटेवर पडून राहणे म्हणजे काय, आणि खाटेजवळ उभे राहून कंटाळणे म्हणजे काय.

त्याने रुग्णसेवकांचा एक संघ स्थापन केला. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्याला मान्यता दिली आणि सदस्यांना अंगरख्यावर लाल क्रूस धारण करण्याची परवानगी दिली. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसची स्थापना १८६३ सालची. म्हणजे त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी रुग्णसेवकांच्या छातीवर लाल क्रूस होता! या संघाचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांच्याबरोबर चौथे व्रत घेतात : स्वतःच्या जिवाला धोका असला तरी आजाऱ्याला सोडणार नाही. १५९५ साली यांतील काही जण हंगेरीत लढणाऱ्या सैन्याबरोबर जखमींच्या सेवेसाठी गेले.

कामिल्लसने आपल्या लोकांसाठी नियम लिहिले. आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची जशी काळजी घेते, तशी प्रत्येक रुग्णाची घ्यावी, असे त्यात आहे. केवळ 'प्रेम करा' असे सांगून तो थांबला नाही. खाट कशी लावावी, अन्न कसे भरवावे, मरणाऱ्याजवळ कसे बसावे, हेही त्याने आपल्या बंधूंना शिकवले. १६१४ साली त्याचे निधन झाले. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी संत कामिल्लस आणि ग्रानाडाचे संत जॉन ऑफ गॉड यांना आजाऱ्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, आणि १९३० साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना परिचारक-परिचारिकांचेही आश्रयदाते ठरवले. रुग्णसेवा हे केवळ बायकांचे काम आहे असे समजणाऱ्या आपल्या घरांतील पुरुषांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

लुईज द मारियाक : गुराखी मुलगी आणि लेखी करार

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एक नवी अडचण पुढे आली. त्या काळच्या नियमांनुसार संन्यासिनींनी मठाच्या भिंतींच्या आतच राहावे, अशी अपेक्षा होती. मग झोपडीतल्या आजाऱ्याकडे जायचे कोणी?

संत विन्सेंट द पॉल यांनी १६१७ पासून सधन स्त्रियांची दयासेवा मंडळे उभी केली होती. पण घाण काढण्याची वेळ आली की या स्त्रिया आपल्या मोलकरणींना पाठवू लागल्या! तेव्हा सुरेन गावची मार्गेरीत नासो नावाची एक गुराखी मुलगी पुढे आली. वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून विचारून ती वाचायला शिकली होती आणि इतर मुलींना शिकवीत होती. आजाऱ्यांच्या सेवेसाठी ती पॅरिसला आली. १६३३ साली प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि तिला स्वतःलाच लागण होऊन तिचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी लुईज द मारियाक या विधवा मातेने आपल्या घरी काही खेडवळ मुलींना एकत्र आणले आणि 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाचा आरंभ झाला. विन्सेंट यांनी या मुलींना सांगितले की आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ आणि शहरातील रस्ते हेच तुमचे आवार.

लुईज यांचे वेगळेपण त्यांच्या शिस्तीत होते. त्यांनी या मुलींना लिहिणे-वाचणे शिकवले, जखमा बांधणे व औषधे देणे शिकवले. १६४० साली आंजे शहरातील रुग्णालयातील भगिनींच्या कामाविषयी त्यांनी तिथल्या चालकांशी लेखी करार केला. भगिनींचे काम काय, त्यांच्यावर अधिकार कोणाचा, हे सारे स्पष्ट लिहून घेतले. संतपद मिळालेल्या बाईने करार कशाला करावा, असे कोणाला वाटेल. कारण लुईज यांना माहीत होते की काम करणाऱ्यांना संरक्षण नसेल, तर त्यांच्या भलेपणाचा गैरफायदा घेतला जातो. शोमरोन्याचे दोन दिनार इथे पुन्हा दिसतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि आकडे

'दिवा घेतलेली स्त्री' म्हणून आपण शाळेच्या पुस्तकांतून ज्यांना ओळखतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. म्हणूनच १२ मे हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. त्या अँग्लिकन होत्या. श्रीमंत घरातल्या मुलीने रुग्णालयात काम करावे, याला घरच्यांचा कडवा विरोध होता. तरीही १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे जाऊन त्यांनी तीन महिने प्रशिक्षण घेतले. तिथे पाद्री थिओडोर फ्लीडनर व त्यांच्या पत्नी फ्रीडरिके यांनी १८३६ साली प्रोटेस्टंट सेविकांची संस्था सुरू केली होती.

क्रिमियाच्या युद्धात ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या ३८ स्त्रियांच्या तुकडीसह तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. या ३८ जणींत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांपैकी लंडनच्या बर्मंडसी मठाच्या प्रमुख मदर मेरी क्लेअर मूर या फ्लॉरेन्सबाईंच्या आयुष्यभराच्या मैत्रीण झाल्या. या कामाच्या प्रमुखपदासाठी आपल्यापेक्षा तुम्हीच अधिक लायक होता, असे फ्लॉरेन्सबाईंनी १८५६ साली त्यांना पत्रातून कळवले. सत्याला धरून हेही सांगायला हवे की, नंतर आलेल्या आयरिश भगिनींच्या तुकडीशी त्यांचे अधिकारावरून तीव्र मतभेद झाले. चांगल्या कामातही माणसे माणसेच राहतात.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. फ्लॉरेन्सबाई आल्या, दिवा घेऊन फिरल्या आणि सैनिक बरे झाले, असे घडले नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर पोहोचले. रुग्णालयाखालची गटारे तुंबलेली होती. हवा व पाणी दूषित होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला, त्याने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. अनेक चांगल्या स्त्रिया रात्रंदिवस राबत होत्या, त्यांच्या मनात कळवळा काठोकाठ होता. तरीही सैनिक मरत होते, कारण गटार साफ झाले नव्हते!

युद्धानंतर फ्लॉरेन्सबाईंनी हे सारे आकडे गोळा केले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि बहुतेक सैनिक जखमांनी मेले नसून टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे सरकारपुढे मांडले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. शिकणाऱ्या मुलींना राहणे-जेवण, गणवेश आणि थोडा पगारही मिळे. स्वच्छ हात, ताजी हवा, नीट नोंदी आणि सन्मानाने मिळणारे वेतन, ही त्यांची खरी देणगी.

त्याच युद्धात आणखी एक बाई होती. जमैकात १८०५ साली जन्मलेल्या मिश्रवर्णीय मेरी सीकोल. कॉलरा आणि पीतज्वराच्या रुग्णांची सेवा करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. तरीही लंडनमध्ये त्यांचे अर्ज नाकारले गेले. त्या स्वखर्चाने क्रिमियाला गेल्या आणि १८५५ साली बालाक्लाव्हाजवळ आपले 'ब्रिटिश हॉटेल' उघडून त्यांनी सैनिकांना खाऊ घातले, औषधे दिली. पुढे त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १८८१ साली त्यांचे निधन झाले व लंडनच्या सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरले गेले. जग त्यांना जवळजवळ विसरले होते. २०१६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला, तो सेंट थॉमस रुग्णालयाच्याच आवारात.

आपल्या मातीतले पाऊल

मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले. १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून येते. त्या काळात परजातीच्या माणसाला शिवणे, रात्रपाळी करणे आणि परपुरुषाची शुश्रूषा करणे, हे समाजाला किती खुपले असेल याची कल्पना करा!

१८९७ साली पुणे परिसरात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसची गुराखी मार्गेरीत आणि पुण्याची शिक्षिका सावित्रीबाई यांच्यात अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, धर्म वेगळा आहे. पण दोघींनी लावलेला दयेचा अर्थ एकच आहे.

ख्रिस्तसभेलाही शिकावे लागले

व्रतस्थ भगिनींनी डॉक्टरकी वा प्रसूतीचे काम करू नये, असा निर्बंध ख्रिस्तसभेच्या नियमांत दीर्घकाळ होता. हेतू त्यांच्या व्रताचे रक्षण हा होता. परंतु भारतात पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत. बाळंतपणात माता आणि बालके दगावत. स्कॉटलंडच्या डॉ. अॅग्नेस मॅक्लॅरेन वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कॅथलिक झाल्या. त्यांनी १९०९ साली रावळपिंडीत स्त्रियांचे रुग्णालय उभारण्यास मदत केली आणि निर्बंध उठावा म्हणून त्या वारंवार रोमला गेल्या. १९१३ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा निर्बंध तसाच होता. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या अॅना डेंगल यांनी त्या रुग्णालयात काम केले आणि १९२५ साली 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने नियम बदलला. धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्रासह पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेण्याची मोकळीक मिळाली.

याच संघाच्या पाटणा येथील होली फॅमिली रुग्णालयात १९४८ साली एक नवशिकी बाई आली. लोरेटो संघ सोडून कोलकात्याच्या गरिबांत राहायला निघालेली ती बाई म्हणजे मदर तेरेसा. रस्त्यावर उतरण्याआधी इंजेक्शन देणे, जखम बांधणे, बाळंतपणाच्या वेळी मदत करणे, हे त्यांनी तिथे शिकून घेतले. आपल्या भगिनींनी गरिबांसारखे केवळ भात आणि मीठ खावे, असा त्यांचा विचार होता. पाटण्याच्या भगिनींनी त्यांना समजावले की असे कराल तर ज्या क्षयाशी लढायला निघालात, तोच तुमच्या मुलींना होईल. मदर तेरेसांनी ऐकले. २०१६ साली ज्यांना संतपद मिळाले, त्यांनीही आधी शिष्यत्व पत्करले होते!

संत थॉमस अॅक्वायनस यांनी या बाबतीत एक मोलाचा फरक सांगितला आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून जीव कळवळणे ही केवळ एक भावना आहे. ती भावना विवेकाच्या ताब्यात आली, म्हणजे मग दया हा सद्गुण होतो. साध्या भाषेत सांगायचे तर, डोळ्यांत येणारे पाणी आपोआप येते; हातात येणारी दया सवयीने, शिकून आणि रोज करून यावी लागते.

बेचाळीस वर्षे

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, त्यांनीही त्यांना आपली सहकारी मानले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगाला बेडसोअर झाले नव्हते.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. आठवड्याभरातही पाठीला जखम होऊ शकते. ती होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलावी लागते, अंग कोरडे ठेवावे लागते, चादरीची सुरकुतीही काढावी लागते, पोटात नीट अन्न जावे लागते. हे बेचाळीस वर्षे! इथे कळवळा होता, ज्ञान होते आणि पाळ्या लावून काम करणारी व्यवस्थाही होती. त्याच घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेची मागणी करीत संप केला, हेही विसरू नये. सेवा करणाऱ्यालाही सुरक्षित असण्याचा हक्क आहे.

मग आपण काय करावे?

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी करोना आला. आपण घरात बसलो होतो, चर्चची दारे बंद होती, आणि अनेकांच्या अखेरच्या क्षणी हात धरायला पीपीई किटमधल्या सिस्टरशिवाय कोणी नव्हते. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आता तीन पायऱ्या चढू या.

कळवळा : लग्न जमवताना मुलगी नर्स आहे म्हटल्यावर "नाइट ड्यूटी असते का?" असे नाक मुरडून विचारणारी घरे अजून आहेत. रात्रपाळी करणाऱ्या मुलीकडे संशयाने पाहणे थांबवा. फाबिओला आणि काशीबाई यांच्यावरचा तो 'हलक्या कामाचा' शिक्का आपल्या घरातून तरी पुसून टाका.

ज्ञान : घरात आजारी माणूस असेल तर कूस कशी बदलावी, पडल्या पडल्या अंग कसे पुसावे, घास कसा भरवावा, हे माहीतगार परिचारिकेकडून शिकून घ्या. घरातल्या मुलग्यांनीही शिका. सूनबाई एकटीच सर्व जाणते, असे गृहीत धरू नका.

व्यवस्था : आपण ब्यूरोतून आजी-आजोबांसाठी बाई आणतो. तीच आजच्या उतारशाळेची रक्षक. तिला आठवड्याची सुट्टी आहे का? रात्री झोपायला जागा आहे का? पगार वेळेवर मिळतो का? आपल्यापैकी ज्यांची नर्सिंग होम्स आहेत, त्यांनी स्वतःला तोच प्रश्न विचारावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. सेवाभावाचे नाव पुढे करून वेतन कापणे हे सेवाभावाचे लक्षण नव्हे.

आमच्या मते, पहिल्या परिच्छेदातील त्या हाकेचा खरा अर्थ असा आहे. 'सिस्टर' म्हणजे बहीण. बहिणीला आपण फुकट राबवून घेत नाही, तिच्या चारित्र्यावर शंका घेत नाही, आणि तिला बरे नसेल तेव्हा तिच्या घरी जातो. पुढच्या वेळी ही हाक माराल, तेव्हा एवढे आठवा.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. शोमरोन्याच्या तीन पायऱ्यांपैकी आपल्या घरात आणि समूहात कोणती पायरी कच्ची आहे?

२. आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत? त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून दोन तास तरी मोकळीक मिळावी म्हणून आपण पाळ्या लावू शकतो का?

३. आपल्या समूहातील परिचारिका, परिचारक व निवृत्त सिस्टर्स कोण आहेत? त्यांच्याकडून घरगुती शुश्रूषेचे धडे घेण्यासाठी एक दिवस ठरवता येईल का?

प्रभू येशू, आजाऱ्याच्या रूपात तू आमच्या घरी येतोस. तुला ओळखणारे डोळे आम्हाला दे, तुझ्या जखमा बांधायला शिकलेले हात दे, आणि तुझी सेवा करणाऱ्यांशी न्यायाने वागण्याची बुद्धी दे. आमेन.

आपला स्नेहांकित,
प्रमुख धर्मगुरू